हॅलोरनची कॉफी

पहिल्याच प्रश्नाला लुनीजच्या घरातल्या चार माणसांनी मिळून एक पेशंट मारला. पुस्तकातला होता म्हणून निभावलं.

एक जानेवारीची सकाळ, अकरा वाजलेले. उत्तर मायामीतल्या त्या ठेंगण्या हिरव्या घरात लाल भोपळ्याच्या सुपाचं पातेलं रटरटत होतं आणि टेबलावर वाडग्यांच्या मधोमध विटेएवढं जाड प्रश्नांचं पुस्तक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता गेर्लीनची परीक्षा होती, प्रॅक्टिकल नर्सच्या, म्हणजे नर्सांमधल्या खालच्या पायरीच्या, लायसनची. तिसऱ्यांदा. दोनदा ती आपटली होती, आणि राज्याचा नियम असा की तिसऱ्यांदा आपटलात तर पुन्हा वर्गात जाऊन बसा, मगच चौथ्यांदा तोंड दाखवा. गेर्लीन एक्केचाळीस वर्षांची. अठरा वर्षं आया म्हणून म्हातारी माणसं उठवून-बसवून तिच्या कमरेचा खुळखुळा झाला होता. वर्गात परत बसणार नाही, हे तिनं नाताळलाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "उद्या झालं तर झालं. नाहीतर मरेपर्यंत बेडपॅन."

वाचायचं काम रेनालकडे होतं. गेर्लीनचा हा धाकटा भाऊ ट्रक चालवतो आणि आपला आवाज रेडिओसारखा आहे असं समजतो.

"'तुमच्याकडे चार पेशंट आहेत,'" त्यानं घसा खाकरून सुरुवात केली. "'आधी कोणाकडे जाल? एक: काल ऑपरेशन झालंय, दुखतंय म्हणतोय. दोन: डायबिटिसचा, घामानं भिजलाय, बरळतोय. तीन: संडासला जायचंय म्हणून बेल वाजवतोय. चार: त्याची मुलगी दारात उभी राहून आरडाओरडा करतेय.'"

"चार!" योलेट मावशीनं चमचा आपटला. लुनीजची ही धाकटी बहीण, तीही आया, वीस वर्षं. "त्या बयेला आधी गप्प कर. नाहीतर ती जाते ऑफिसात, आणि मग बाकीच्या तिघांचं मरण तुझ्याच नावावर."

"तीन," गेर्लीनची आई लुनीज म्हणाली. "दोन मिनिटं उशीर केलास तर चादर, गादी आणि म्हातारा, तिन्ही धुवायचे. स्वतःहून उठायला गेला तर खुबा मोडला."

गेर्लीनच्या तोंडूनही तीनच निघालं. अठरा वर्षं तिच्या पायांनी तेच उत्तर दिलं होतं.

"मी एक म्हणणार होतो," रेनालनं मागचं पान उलटलं. "दोन आहे. साखर उतरलीय. मेला."

"कोण मेला?"

"डायबिटिसवाला. आपण चौघांनी मारला."

"हे पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात कधी चादर बदललीय का, विचार त्याला," योलेट म्हणाली आणि सुपातलं मटण शोधायला लागली.

"पुढचा. 'पेशंट म्हणते, मला मरणाची भीती वाटते. तुम्ही काय म्हणाल?'"

"म्हणायचंय काय? हात धरायचा आणि स्तोत्र म्हणायचं. घाई असेल तर अर्धं."

"मावशी, पर्याय तरी ऐक. 'एक: घाबरू नका, सगळं ठीक होईल. दोन: देवावर भरवसा ठेवा. तीन: तुम्हाला भीती वाटतेय, त्याबद्दल आणखी सांगा. चार: डॉक्टरांना बोलावते.'"

"दोन," आई आणि मावशी एका सुरात.

"तीन."

"आं? ती सांगतेय भीती वाटते, आणि मी तिलाच सांगू की तुम्हाला भीती वाटते? पोपट आहे का मी?"

रेनालला हे फारच आवडलं. "मावशी, तुला राग आलेला दिसतोय. त्याबद्दल आणखी सांग."

"टाळक्यात डाव घालते, मग सांगते."

गेर्लीन हसली. हे असले प्रश्न तिला आता येत होते. पुस्तकातलं हॉस्पिटल वेगळं असतं हे तिला कळून चुकलं होतं. तिथं बेल वाजली की नर्स येते. तिथं एका नर्सच्या गळ्यात तीस म्हातारे नसतात, रजेवर गेलेल्या दोघींचं काम तिसरीच्या डोक्यावर येत नाही, आणि हातमोजे संपलेत असं कोणी सांगत नाही. ते हॉस्पिटल जिथं कुठं असेल तिथं आमच्यापैकी कोणाला कामावर घेत नाहीत, पण परीक्षा तिथलीच होते. म्हाताऱ्यांचं ढुंगण पुसणारे हात एका रंगाचे आणि ते कसं पुसावं यावर चार पर्याय लिहिणारे दुसऱ्या. चालायचंच. तेवढं सोंग गेर्लीन आता वठवू शकत होती.

ती आपटायची दुसरीकडे. दोन्ही वेळा नापासाबरोबर एक कागद आला होता, कुठं कमी पडलात ते सांगणारा, आणि दोन्ही वेळा खूण एकाच रकान्यावर होती: देखरेख आणि सुरक्षितता. म्हणजे तुमच्या हाताखालची बाई चुकीचं काही करतेय, तुम्ही पाहिलंत, आता काय कराल? अशा प्रश्नाशी पोचली की गेर्लीनचा हात माऊसवर थिजायचा. परीक्षा कंप्युटरवर असते, आणि तो मेला मोठा हुशार. जिथं तुम्ही कच्चे, तिथंच पुन्हापुन्हा टोचतो, आणि खात्री पटली की मधेच बंद पडतो.

हे तिला कोणी समजावून सांगितलं, ते या टेबलावर एकालाच ठाऊक होतं. तो रेडिओच्या आवाजात पुढचा प्रश्न शोधत होता.

तेवढ्यात दार वाजलं.

---

नादेज गाडीत दहा मिनिटं बसून मग आली होती. मांडीवर सुपाचं पातेलं, त्याला बांधलेला टॉवेल, आणि मांड्या भाजत होत्या तरी उतरवत नव्हतं. ती रेनालची बायको, रजिस्टर्ड नर्स, म्हणजे या खानदानातली एकुलती एक मोठी नर्स. नऊ महिन्यांपूर्वी याच घरात लग्नाच्या तसबिरीत तिच्यावर कात्री चालली होती. शब्दशः. तसबीर अजून भिंतीवर होती, रेनालच्या कमरेभोवती एक हात होता आणि हाताची मालकीण नव्हती.

ज्या सुपाचा वास घ्यायचीही आमच्या गुलाम पूर्वजांना गोऱ्या मालकांनी बंदी केली होती, ते आम्ही आमच्या बेटाच्या स्वातंत्र्याच्या दिवशी ओरपतो. म्हणून एक जानेवारीला दारात आलेल्या माणसाला वाडगा नाकारायचा नसतो, मग तो पोलीस असो, पाद्री असो की सून. नादेजनं दिवस बरोबर निवडला होता.

लुनीजनं दार उघडलं. सुनेकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाली.

"ये. रेनाल म्हणाला तुला ड्यूटी आहे."

"बदलून घेतली, आई."

"बदलायला जमतं म्हणजे तुम्हाला. छान." तिनं खुर्ची दिली, दारावर धर्म सांगायला येणाऱ्यांना देतात तशी, पंख्यापासून लांब. वाडगाही भरला. मटण घातलं नाही.

योलेट मावशीनं आपला वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढला. "मी या बाईच्या समोर जेवायची नाही," असं म्हणून ती जेवत राहिली.

"मी जेवायला आले नाही, मावशी. गेर्लीनताईंनी बोलावलं म्हणून आले."

लुनीजनं सावकाश मान वळवली. "कोणी बोलावलं?"

"मी," गेर्लीन म्हणाली. पुढचं एका दमात सांगून टाकलेलं बरं, असा तिनं विचार केला. "आई, अकरा आठवडे झाले. नादेज मला शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी. लाँड्रीच्या बाहेर, तिच्या गाडीत."

"म्हणून आपले टॉवेल एवढे स्वच्छ," योलेट म्हणाली. मग तिला अर्थ लागला. "अगं सटवे! आईची भाकरी हिनं हिसकावली, आणि तू हिच्याच गाडीत जाऊन बसतेस?"

"मग कोणाच्या बसू? या घरात दुसरं कोण पास झालंय?"

"रेनाल, तुला ठाऊक होतं," लुनीज म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

रेनालनं पुस्तकात तोंड घातलं. नऊ महिने तो दर रविवारी आईकडे एकटा येऊन बायकोबद्दलचं सगळं निमूट ऐकून घ्यायचा, आणि घरी जाऊन आईबद्दलचं. दोन्हीकडे मान हलवून त्याची मान दुखायला लागली होती. "मी फक्त गाडीत पेट्रोल भरायचो, आई."

"शाब्बास. चोराला शिडी कोणी दिली? मी नाही बाई, मी नुसती धरली."

आता तो मार्च महिना. तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वृद्धाश्रम एकच, लुनीज तिथं तेवीस वर्षं आया, नादेज त्याच मजल्यावर नर्स. हॅलोरन नावाचा ब्याण्णव वर्षांचा म्हातारा, जन्मभर रेल्वेत काढलेला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याला नीट गिळता यायचं नाही. पातळ काही दिलं तर ते फुप्फुसात उतरायचं, म्हणून त्याला सगळं पावडर घालून खळीसारखं घट्ट करून द्यायचा हुकूम होता. पाणीसुद्धा. पलंगाच्या वर लाल अक्षरांत पाटी होती. लुनीज त्याला रोज सकाळी आपल्या थर्मासमधली खरी कॉफी पाजायची. चार घोट, कधी पाच. नऊ मार्चला तो न्याहारीच्या वेळी ठसकला, निळा पडला, हॉस्पिटलात गेला आणि अकरा दिवसांनी न्युमोनियानं संपला. तो ठसकला त्याच दुपारी नादेजनं कागद लिहिला. सासूच्या नावानिशी. लुनीजची नोकरी गेली, आणि नाव अशा यादीत गेलं की पुन्हा कुठला आश्रम तिला दारात उभी करत नाही.

त्या कॉफीबद्दलची एक गोष्ट लुनीज कोणीही आलं की सांगायची. त्यात हॅलोरन हसतो, कॉफीसाठी मस्का लावतो, देवाला म्हणतो थोडं थांब, कप संपू दे. ऐकणारे हसत हसत रडायचे. एक तपशील त्यात कधी नसायचा: थर्मास रोज पहाटे गेर्लीन भरायची. कोणासाठी ते माहीत असून भरायची, साखर जास्त घालायची.

---

"तर मॅडम," लुनीजनं हात पुसले आणि खुर्ची ओढून नादेजच्या समोर बसली. "अकरा आठवडे शिकवलंत. आमचं पोर पास होणार का उद्या?"

"आज तरी नाही."

"नादेज!" रेनाल म्हणाला.

"खोटं बोलू का? औषधं येतात त्यांना, जखमा येतात, साखर येते. एक प्रश्न येत नाही. सहा वेळा घातला, सहा वेळा चुकल्या. गाडीत माझ्यासमोर चुकतात. म्हणून म्हटलं, जिच्यामुळे चुकतात तिच्यासमोर विचारू."

योलेट उठली. "लुनीज, हिला घालव. सूप दिलंस ना? संपलं. रीत पाळली."

"बस खाली," लुनीज म्हणाली. "विचार गं. बघू तरी काय असं गूढ लिहिलंय."

नादेजनं पुस्तक घेतलं नाही. तिला तो पाठ होता. "'गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटला आया कपातून साधी कॉफी पाजत आहे, असं प्रॅक्टिकल नर्सच्या लक्षात येतं. नर्सनं सर्वांत आधी काय करावं? एक: आयाला थांबवावं आणि पेशंटकडे बघावं. दोन: वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. तीन: ड्यूटी संपल्यावर आयाशी खासगीत बोलावं. चार: पेशंटच्या घरच्यांना कळवावं.'"

पुस्तक हजारो घरांत विकलं जातं, प्रश्न कोणी तरी भलतीकडे बसून लिहिलेला, पण त्या टेबलावर सगळ्यांना वाटलं की लिहिणारा दाराच्या फटीतून बघत होता.

"ताई?"

गेर्लीननं टेबलाच्या रेघेवर नख ओढलं. "तीन."

"सातवी वेळ," नादेज म्हणाली.

"का चूक?" योलेट उसळली. "बरोबर आहे की! माणसाला माणसासारखं बाजूला घ्यायचं. तिला लेकरं आहेत, घराचं भाडं आहे. बरोबर दोन असेल ना? कागद! या लोकांना नेहमी कागदच लागतो."

"तुझं उत्तर दोनच ना, मॅडम?" लुनीजनं हसून विचारलं. तिचं ते हसणं या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, ते दिसलं की मुलं लहानपणी परसात पळायची. "त्याचे तर तुला पूर्ण मार्क मिळाले. माझी नोकरी बक्षीस."

रेनालनं शेवटचं पान उघडलं, बोटानं ओळ शोधली. "एक आहे," तो म्हणाला. "'आधी धोका थांबवा. पेशंटचा श्वास बघा. तक्रार त्यानंतर.' म्हणजे आधी कप काढून घ्यायचा."

"काढून घ्यायचा," लुनीजनं ते शब्द तोंडात घोळवले. तिच्या डोक्यात काहीतरी हिशेब चालला होता, आणि नादेजला तो दिसत होता. नऊ महिने ती याच क्षणाला घाबरून होती, आणि आज स्वतःच्या पायांनी त्याच्या तोंडाशी येऊन बसली होती.

"मग तू का नाही काढून घेतलास?" लुनीज म्हणाली. "कागदात लिहिलंस, त्या सकाळी मी त्याला पाजताना पाहिलं. पाहिलंस तर दारात उभी राहून काय करत होतीस? पेन शोधत होतीस?"

खोटं तयार होतं. लांब होते, ट्रॉली मधे होती, पोचेपर्यंत तो ठसकला. चौकशीत नादेजनं हेच सांगितलं होतं, आणि ते चाललंही होतं. पण गेर्लीन तिच्याकडे बघत होती. अकरा आठवडे त्या गाडीत बसून ती हिला एकच गोष्ट शिकवत होती, की तुम्ही कोणाची सून, कोणाची लेक आहात ते दाराबाहेर ठेवा आणि पलंगावरच्या माणसाकडे बघा.

"त्या दिवशी पहिल्यांदा नव्हतं पाहिलं," नादेज म्हणाली.

"काय?" हे रेनाल.

"तीन वेळा पाहिलं होतं त्याआधी. फेब्रुवारीत एकदा, दार अर्धं उघडं होतं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कप धरला होता आणि आई खालून आधार देत होत्या. मी ट्रॉली मागं फिरवली. मला वाटलं, माझी सासू आहे. रविवारी जेवायला जायचंय. मी बोलले तर रेनाल... म्हणून फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा तर मी दार लावून घेतलं, दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून. आणि तो निळा पडला तेव्हा मी घाबरले आणि लिहिलं, आज प्रथमच आढळलं."

"मला तर तू सांगितलंस, त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं," रेनाल म्हणाला. त्याचा रेडिओ बंद पडला होता. "नऊ महिने मी आईला सांगतोय, तिनं कर्तव्य केलं, आई, तिनं कर्तव्य केलं."

"आढळलं ना रे तुला आता? प्रथमच?" योलेट मावशी दोन्ही तळवे टेबलावर टेकून पुढं झुकली. वीस वर्षांत कोणत्याही मोठ्या नर्सची अशी चावी तिच्या हाती लागली नव्हती. "सरकारी कागदावर खोटं! एक फोन, आणि बाईसाहेबांचं लायसन माझ्या खिशात. लुनीज, फोन कुठाय? एवढी वर्षं या टोपीवाल्या नर्सांनी आपल्याला..."

"योलेट, तोंड बंद कर."

"मी? मी तुझ्या बाजूनं बोलतेय!"

"माझी बाजू कोणती ते मला ठरवू दे."

लुनीज उठली आणि उगाचच गॅस बारीक केला. पाठ सगळ्यांकडे. लोकांना सांगायच्या त्या कॉफीच्या गोष्टीची तिला इतकी सवय झाली होती की मूळचं काय होतं ते आठवायला थोडं खरवडावं लागलं. हॅलोरन मस्का लावायचा हे खोटं. त्याला धड बोलताच यायचं नाही. एकच शब्द तो नीट बोलायचा: लुनीज. त्या मजल्यावर बाकी सगळे तिला 'ए' म्हणायचे, नाहीतर टाळी वाजवायचे. हा सकाळी डोळे उघडून म्हणायचा, लुनीज, आणि थर्मासकडे बघायचा. अशा माणसाला खळ पाजायची कशी?

"आदल्या दिवशी त्याच्या घशात पाणी वाजत होतं," ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

"आई, राहू दे," गेर्लीन म्हणाली.

"का राहू दे? ही सुरू झाली तर मीही होते. माझं नाव घेतलं ना त्यानं, तेव्हा आवाज ओला होता. घरघर. तेवीस वर्षांची आया आहे मी, मला ते ऐकू आलं नाही असं कोण म्हणेल? मला वाटलं, सर्दी असेल. नाही. मला काही वाटलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजली. त्याला आवडायची, आणि मला आवडायचं त्याला आवडलेलं." ती वळली. "आणि लोकांना काय सांगते मी? हसत हसत गेला म्हणते. अकरा दिवस तो बुडत होता, योलेट. बिछान्यावर. तू आली होतीस ना बघायला? हसत होता?"

योलेट मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पहिल्यांदाच वाडगा लांब सारला.

"कोणीच नाही आलं कप घ्यायला," लुनीज म्हणाली. "हिनं दार लावलं. गेर्लीननं थर्मास भरला. मी काय, मी शिव्या घातल्या असत्या, दोन महिने तोंड बघितलं नसतं. पण त्या म्हाताऱ्याला कोणी तरी हवं होतं ना माझ्यावर ओरडणारं? ही पण माझी लाडकी, ती पण. सगळ्या माझ्यावर प्रेम करत बसल्या."

ती परत येऊन गेर्लीनच्या समोर बसली. हात टेबलावर, एकात एक.

"आता तू सांग. चार पर्याय वगैरे मरू देत. तू नर्स आहेस. दारातून आत आलीस. मी त्याला पाजतेय. मी."

गेर्लीनच्या डोक्यात अठरा वर्षं, थर्मासचं झाकण, आईचे सुजलेले गुडघे आणि उद्याचे आठ, सगळं एकदम वाजायला लागलं. तिला वाटलं आपण रडणार. रडली नाही.

"कप घेईन," ती म्हणाली.

"मी देणार नाही."

"हिसकावून घेईन."

"म्हणेन, मेले, आईच्या अंगाला हात लावतेस?"

"म्हण. मी आधी त्याला बसता करीन, पुढं वाकवीन. ओठ बघीन. श्वास मोजीन. मोठ्या नर्सला हाक मारीन."

"आणि मी बाहेर उभी राहून रडतेय. वीस जणांसमोर. मग?"

"मग कागद लिहीन."

"कोणाच्या नावानं?"

"तुझ्या."

नादेजनं मान खाली घातली होती. रेनालनं पुस्तक मिटलं आणि ते आपल्या छातीशी धरून ठेवलं, कोणी मागेल या भीतीनं.

"एवढं येतंय," लुनीज म्हणाली, "तर दोनदा नापास कशाला झालीस, गाढवे?"

"तिथं तू असायचीस."

"कुठं?"

"त्या कंप्युटरसमोर. दर वेळी आया म्हटलं की तुझंच तोंड."

लुनीजनं सुनेच्या वाडग्याकडे पाहिलं, तो जसा वाढला तसाच गार झाला होता. तिनं तो उचलून पातेल्यात उपडा केला, पुन्हा भरला आणि तिच्यासमोर आपटला. या वेळी मटणासकट, पण चेहरा तसाच.

"माफ केलेलं नाहीये," ती नादेजला म्हणाली. "आधी खा. संध्याकाळपर्यंत हिला घे, तुला आणखी येतंय तेवढं सगळं शिकव. इथं, या टेबलावर. लाँड्रीत नाही."

मग ती गेर्लीनकडे वळली.

"आणि उद्या मला घरी ठेवून जा. गाडीतून न्यायचं नाही, डोक्यातूनही न्यायचं नाही. दारात सोडून जा. मी काही मरत नाही."